एका वस्तूसमोर दहा मिनिटं

शाळेची संग्रहालयाची सहल म्हटली की रांग आठवते. "पुढे सरका, हात लावू नका, गप्प बसा." तासाभरात सगळी दालनं उरकायची आणि परतल्यावर निबंध लिहायचा. बरीच वर्षं मीही मुलांना असंच फिरवलं. आता नाही फिरवत. कुणीच फिरवू नये, असं मनापासून वाटतं.

आता आम्ही एकच वस्तू निवडतो आणि तिच्यासमोर दहा मिनिटं खाली बसतो. मी माहिती सांगत नाही. तीनच प्रश्न विचारते : इथं काय चाललंय? कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतंय? मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन आणि संग्रहालयातले कलाशिक्षक फिलिप येनावाइन यांनी घडवलेली ही पद्धत. त्यातला दुसरा प्रश्न तर सोन्यासारखा आहे. "हा माणूस दमलाय" असं मूल सहज म्हणून जातं. "कशावरून?" म्हटलं की परत चित्राकडे वळतं आणि मग त्याला वाकलेले खांदे दिसतात, सैल पडलेला हात दिसतो.

दहा मिनिटं फार वाटतात? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका कलाकृतीसमोर किती वेळ थांबतात, हे मोजलं गेलं होतं. २००१ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. सरासरी २७ सेकंद! मोठ्यांचीच ही तऱ्हा, तर मुलांना थांबायला शिकवणार कोण?

फोन मी पिशवीतच ठेवायला लावते. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांच्या २०१४च्या प्रयोगात, लोकांनी ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला, तेव्हा मात्र आठवण तशी पुसट झाली नाही. म्हणून मुलांच्या हाती पेन्सिल देते. अख्खी वस्तू काढायची नाही. एक कड, एक तडा, एवढंच.

अशीच एक मुलगी मातीच्या घड्याचा कान काढत होती. मध्येच म्हणाली, "बाई, इथं कुणाचा तरी अंगठा उमटलाय." खरंच होता. कान चिकटवताना दाबलेला, रेषांसकट. शेजारच्या पाटीवर माप होतं, काळ होता, घडवणाऱ्याचं नाव नव्हतं. तिनं पेन्सिलीच्या भुकटीत आपला अंगठा बुडवला आणि चित्राशेजारी टेकवला. मी काही बोलले नाही, बोलवलंच नाही.

म्हणूनच आता आम्ही आसपासच्या कलाकारांना वर्गात बोलावतो. भाषणाला नाही. येताना एक झिजलेलं हत्यार आणि एक बिघडलेलं काम आणा, एवढीच विनंती असते. मुलं विचारतात, "चित्र पुरं झालं हे कसं कळतं?" "हे फसलेलं फेकलं का नाहीत?" असले प्रश्न मला सात जन्मात सुचले नसते.

मग वर्गातच संग्रहालय मांडतो. प्रत्येकानं घरून हातानं बनवलेली एक वस्तू आणायची आणि तिची पाटी लिहायची. कशाची आहे, कुठं झिजलीय, आणि सगळ्यात वर, कुणी बनवली. 'माहीत नाही' लिहायची परवानगी नाही, विचारून यायचं. गेल्या खेपेला एका पाटीवर पहिल्या ओळीत होतं : "बनवणाऱ्याचं नाव – शोधतोय. आजीला फोन केलाय, ती उद्या सांगणार आहे."