मागे वळून पाहण्यास मनाई

गेल्या शनिवारी भर चर्चमध्ये माझ्या खांद्याला पेन्सिल टोचण्यात आली. टोचणारे गृहस्थ पंचाहत्तरीच्या आसपासचे आणि माझ्यापेक्षा चांगले वीतभर उंच होते. माझा गुन्हा इतकाच होता की, ऑर्गनवादन चालू असताना मी मागे वळून पाहिले.

गुन्ह्याचे स्वरूप कळण्यासाठी तिथली बैठक सांगणे भाग आहे. हॅम्बुर्गच्या उत्तरेला ज्या गावात आम्ही राहतो, तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन आहे तो प्रवेशद्वाराच्या वर, लाकडी सज्जात, आणि बाके आहेत ती वेदीकडे तोंड करून जमिनीला पक्की ठोकलेली. त्यामुळे प्रत्येक रसिक वाजवणाऱ्याकडे पाठ करून बसतो आणि तास-दीड तास रिकाम्या वेदीकडे, तिच्यावरच्या मेणबत्त्यांकडे आणि पुढच्या माणसाच्या मानेकडे पाहत राहतो. आपल्याकडे गवयाकडे पाठ फिरवून बसणाऱ्याला पुन्हा कोणी बोलावणार नाही. इथे तोच शिष्टाचार आहे.

निमित्त होते डीट्रिख बुक्स्टेहुडे याच्या संगीताच्या उत्सवाचे. बाखच्या आधीच्या पिढीतला हा संगीतकार १६६८ पासून १७०७ साली मृत्यू येईपर्यंत ल्युबेकच्या सेंट मेरी चर्चमध्ये ऑर्गनवादक होता, आणि ल्युबेक जवळच असल्यामुळे आमचे गावकरी त्याला घरचाच माणूस मानतात. आसपासच्या गावांतले वादक पाळीपाळीने वाजवणार, मधल्या वेळेत शेजारच्या सभागृहात शाळकरी मुले त्याचे छोटे नृत्यप्रकार पियानोवर वाजवणार, कॉफी आणि केक घरोघरून येणार, असा बेत होता. माझी तेरा वर्षांची मुलगी ज्यांच्याकडे पियानो शिकते ते मास्तरच या चर्चचे ऑर्गनवादक आहेत, आणि त्यांनी तिला त्या दिवशी वर, ऑर्गनपाशी, खुंट्या ओढण्याच्या कामावर नेमले होते.

हे काम वाटते तितके किरकोळ नाही. एकेक खुंटी ओढली की नळ्यांची एकेक रांग बोलू लागते: कुठे बासरीसारखा मऊ आवाज, कुठे तुतारीसारखा करडा. वादकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असल्यामुळे बाजूला उभे राहून कोणीतरी नेमक्या क्षणी नेमकी खुंटी ओढावी लागते, आणि ती चुकली तर ते बहिऱ्यालाही कळते. आठवडाभर आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर, चमचे आणि वाट्या मांडून, या ओढाओढीची तालीम चालली होती. आता मला सांगा, अशा मुलीचा बाप वेदीवरच्या मेणबत्त्या पाहत बसेल काय?

पाहण्यासारखे फार काही नव्हते हे मान्य आहे. उत्तर जर्मनीतल्या ऑर्गनांना वादकाच्या पाठीमागे, सज्जाच्या कठड्यावर, नळ्यांची आणखी एक छोटी पेटी बसवण्याची जुनी रीत आहे. तिच्यामुळे वादक खालच्यांना दिसतच नाही. मात्र त्या पेटीच्या डाव्या अंगाला हातभर मोकळी जागा होती आणि तिच्यातून वेणीचे टोक व लाल रिबीन दिसत होती. पहिल्या प्रेल्युडच्या, म्हणजे पहिल्याच रचनेच्या, मध्यावर मी ती पाहिली, सौभाग्यवतींना कोपराने खुणावले आणि पुन्हा पाहू लागलो. तेवढ्यात पेन्सिल आली.

"आपण काही शोधत आहात काय?" तुकडा संपल्यावर त्या गृहस्थांनी विचारले.

"माझी मुलगी वर आहे," मी म्हणालो.

"कार्यक्रम संपल्यावर ती खाली येईल."

हे विधान इतके निर्विवाद होते की त्याला उत्तर नव्हते. मी पुढे तोंड केले.

या गृहस्थांच्या सरंजामाचे वर्णन केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बाकावर त्यांनी स्वतःची उशी अंथरली होती आणि तिला चेन असलेले अभ्रेही होते. गुडघ्यांवर चौकड्यांची घोंगडी, पायाशी थर्मास, आणि मांडीवर वही. १९७४ साली गेओर्ग कार्श्टेट यांनी बुक्स्टेहुडेच्या सर्व रचनांची क्रमवार सूची प्रसिद्ध केली. तिच्यातले ऑर्गनच्या रचनांचे क्रमांक या गृहस्थांनी स्वहस्ते वहीत उतरवून आणले होते. एकेक रचना संपली की ते तिच्यापुढे बारीक खूण करीत आणि किती मिनिटे लागली ते लिहीत. दोन तुकड्यांच्या मधल्या शांततेत कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येई आणि आपलीही कुठेतरी नोंद होत असावी असा संशय येई.

मग क्रमांक १६१ आला, म्हणजे डी मायनरमधला पासाकालिया. याची रचना मुलीच्या तालमीमुळे मला पाठ झाली होती. चार मापांची एक साधी चाल पायांनी वाजत राहते आणि ती एकूण अठ्ठावीस वेळा येते. सात वेळा मूळ स्वरात, मग सात-सात वेळा दुसऱ्या दोन स्वरांत, आणि शेवटच्या सात वेळा परत मूळ ठिकाणी. सात आणि अठ्ठावीस या आकड्यांमुळे काही अभ्यासकांनी तिचा संबंध चंद्राच्या कलांशी जोडला आहे. माझा संबंध त्याहून ऐहिक होता. दर सात आवर्तनांनंतर आमच्या कन्येने खुंट्या बदलायच्या होत्या, म्हणजेच वेणी हलणार होती. मी बोटांवर मोजत बसलो. सातवे आवर्तन संपता संपता मी मान वळवली, आणि पाहतो तो माझ्या नाकासमोर कार्यक्रमपत्रिका! गृहस्थांनी ती दोन्ही हातांनी आडवी धरली होती. तेही मोजत होते. तिच्यावरचे, केक कोणी कोणी आणला त्यांच्या नावांचे पान मी अगदी जवळून वाचले, आणि वळलो. चौदाव्या आवर्तनाला पुन्हा तेच. एकविसाव्याला मी मान वळवल्याचे नुसते नाटक केले. पत्रिका फडफडल्याचा आवाज आला आणि त्यातच काय ते समाधान मानले.

मध्यंतरात मला वाटले, सुटलो. पण गृहस्थ केकची बशी घेऊन थेट माझ्याकडे आले आणि अतिशय सौजन्याने, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाशी बोलावे तसे बोलू लागले. या देशात मी बरीच वर्षे कर भरतो आहे आणि आयकराचा तो अगम्य अर्ज त्यांच्याच भाषेत स्वतः भरतो. पण चर्चच्या सभागृहात माझा चेहरा दिसला की समोरच्याची वाक्ये आपोआप तीन-तीन शब्दांची होतात. त्यात दुष्टावा नसतो, आणि म्हणूनच भांडता येत नाही.

"ऑर्गन ऐकण्यासाठी असतो," ते म्हणाले. "विसाव्या वर्षी बाख आर्नश्टाटहून ल्युबेकला चालत आला. चारशे किलोमीटर. ऐकण्यासाठी."

ही गोष्ट खरी आहे. १७०५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर बाखने चार आठवड्यांची रजा घेतली आणि तो राहिला त्याच्या साधारण चौपट. परत आल्यावर चर्चच्या कारभाऱ्यांनी कानउघाडणी केली, तेव्हा आपल्या कलेतल्या एक-दोन गोष्टी समजून घ्यायला गेलो होतो, असे त्याने सांगितल्याची नोंद आहे. रजा वाढवून घेण्याच्या बाबतीत हा माणूस मला फार जवळचा वाटतो. मी गृहस्थांना म्हणालो, "समजून घ्यायचे तर त्याने वादकाचे हातपायही पाहिलेच असतील की."

"तो वर सज्जात गेला असेल. बाकावर बसून त्याने मान वळवली नसेल."

मग त्यांनी विचारले, आपल्या देशात ऑर्गन असतो का? या प्रश्नाने मला उगाच हुरूप आला. मी त्यांना आमच्या संगीत नाटकांची गोष्ट सांगितली. बोटीने आलेले पायपेटीचे ऑर्गन रंगमंचापुढे कसे मांडले जात, वादक सगळ्या नाट्यगृहाला कसा दिसे, पद आवडले की 'वन्स मोअर'च्या आरोळ्या कशा उठत आणि नटाला एकच पद पुन्हा पुन्हा कसे म्हणावे लागे. ते शांतपणे केक खात ऐकत होते.

"त्याला नळ्या असत?"

"नाही, पितळी पत्त्या असत. हार्मोनियमसारख्या."

"मग तो ऑर्गन नव्हे," ते म्हणाले आणि बशीतले चुरे त्यांनी काट्याने गोळा केले.

इथे माझा पारा चढला हे लपवण्यात अर्थ नाही. मी प्रसाधनगृहाच्या रांगेत उभा राहून फोनवर थोडे संशोधन केले आणि दारूगोळा घेऊन परतलो. ज्या ल्युबेकच्या संध्यासंगीताची, म्हणजे बुक्स्टेहुडेच्या चर्चमधल्या मैफलींची, हे लोक इतकी तारीफ करतात, त्यांच्याबद्दल कॅस्पर रुएट्झ नावाच्या तिथल्याच नंतरच्या कँटरने, म्हणजे गायनप्रमुखाने, अठराव्या शतकाच्या मध्यावर तक्रार लिहून ठेवली आहे की, पोरेटोरे भयंकर गोंगाट करतात आणि मागे नुसता धुडगूस चालतो. हे मी त्यांना ऐकवले.

ते जरासुद्धा विचलित झाले नाहीत. "त्या मैफली नोव्हेंबर-डिसेंबरात होत," ते म्हणाले. "मुले थंडीमुळे धावत असतील."

तेव्हा मी शेवटचा बाण काढला, आणि तो विनोदाने काढला असला तरी आता माझ्या मनातून जात नाही. बुक्स्टेहुडेची जागा हवी असेल तर त्याच्या मुलीशी लग्न करावे लागेल, अशी अट होती. १७०३ साली हॅम्बुर्गहून माटेझॉन आणि हँडेल हे दोघे तरुण संगीतकार ल्युबेकला जाऊन आले; या अटीत आपणा दोघांनाही काडीचा रस नव्हता, असे माटेझॉनने पुढे खुशाल छापून टाकले. बुक्स्टेहुडेने स्वतः आपल्या आधीच्या वादकाच्या, टुंडरच्या, मुलीशी लग्न केले होते, त्यामुळे त्याला यात काही वावगे वाटले नसावे. शेवटी शीफरडेकर नावाचा वादक तयार झाला आणि १७०७ मध्ये त्याला नोकरी व बायको एकदमच मिळाली. ही कहाणी प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत गमतीची म्हणून छापतात. आमच्याही पत्रिकेत होती. आना मार्गारेटा हे त्या मुलीचे नाव. नकार देणाऱ्यांची चरित्रे कपाटे भरून आहेत, पण तिला वाजवता येत होते का, गाता येत होते का, हॅम्बुर्गचे ते दोन पोरगे परत गेले त्या दिवशी ती काय करत होती, याची विचारपूस कोणी करत नाही. आमच्या या गृहस्थांना विचारले असते तर ते म्हणाले असते की, तिचा सूचीत क्रमांक नाही.

प्रत्यक्षात ते एवढेच म्हणाले, "पद हवे तर अट पाळावी लागते." घंटा झाली आणि आम्ही आत गेलो.

उत्तरार्धात मी पुतळ्यासारखा बसलो. खरे म्हणजे मला जागा बदलता आली असती. सौभाग्यवतींनी ते शहाणपण केले आणि त्या खांबापलीकडच्या बाकावर तिरप्या बसल्या. मी मात्र हट्टाने तिथेच राहिलो. जी मायनरमधला प्रेल्युड, क्रमांक १४९, मी मेणबत्तीकडे डोळे लावून ऐकला. तो अतिशय सुंदर वाजला आणि मला त्याचाही राग आला. ऑर्गनच्या भात्यात हवा भरायला पूर्वी माणसे लागत. वादन चालू असेपर्यंत ती आडोशाला भाते तुडवीत राहत आणि ती थांबली की बुक्स्टेहुडेही थांबे. आता ते काम विजेची मोटर करते. तेव्हाच्या श्रोत्यांनाही ती माणसे दिसत नसत, आणि 'केवळ ऐकावे' या उदात्त नियमाची त्यांना तेव्हाही चांगली सोय झाली असणार.

कार्यक्रम संपला. आणि मग ती गोष्ट घडली जिचा मला अजूनही राग आहे. ऑर्गनच्या मैफलीत शेवटी सगळे श्रोते उभे राहतात, मागे वळतात आणि सज्जाकडे पाहून टाळ्या वाजवतात. आमचे गृहस्थही उठले, वळले आणि आपल्या सहा-सव्वासहा फुटांनिशी, हिरव्या लोकरी कोटाची अखंड पाठ माझ्यासमोर उभी करून, जोरजोरात टाळ्या वाजवू लागले. कोटाच्या कॉलरखाली धुलाईवाल्याची कागदी चिठ्ठी टाचणीने लावलेली तशीच होती. मी डावीकडून डोकावलो तर ते डावीकडे झुकले, उजवीकडून डोकावलो तर उजवीकडे. वर मास्तरांनी मुलीला कठड्यापाशी पुढे आणले, तिने वाकून नमस्कार केला आणि बाबा कुठे आहेत ते शोधले, असे मला सौभाग्यवतींनी नंतर सांगितले. मी ती चिठ्ठी पाहत होतो.

प्रवेश मोफत होता. बाहेर पडताना स्वेच्छा देणगीची टोपली असते. ती टोपली धरून दारात कोण उभे असावे? उत्सवाच्या समितीचे खजिनदार हेच गृहस्थ निघाले. बुक्स्टेहुडे त्याच्या चर्चचे हिशेबही स्वतः ठेवत असे आणि ल्युबेकच्या व्यापाऱ्यांच्या वर्गणीवर मोफत मैफली चालवत असे, हे त्यांनी मला टोपली पुढे करता करता सांगितले. माझ्या पाकिटात वीस युरोची एकच नोट होती. सुट्टे परत मागण्याची शक्यता मी क्षणभर तपासली. त्यांनी नोटेकडे पाहून मान इतक्या गंभीरपणे लववली की, ती शक्यता संपली.

गाडीत मुलगी गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, तू सारखा मागे का बघत होतास? सरांना हसू येत होतं."

"तुला कसे दिसले? तुमची तर आमच्याकडे पाठ होती."

"वर आरसा असतो ना. खाली चर्चमध्ये काय चाललंय ते ऑर्गनवाल्याला कळायला लागतं. त्यात तुम्ही सगळे दिसता." मग थोडे थांबून तिने सांगितले, "आणि तुझ्या मागचे ते उंच आजोबा! तू पुढे तोंड केलंस की ते लगेच मागे वळून बघायचे. प्रत्येक पीसला."

उरलेल्या रचना पुढच्या शनिवारी आहेत. गृहस्थांच्या बाकाच्या मागची जागा मी हेरून ठेवली आहे, आणि या खेपेला सुट्टे पैसे घेऊन जाणार आहे.