'पहिल्याच यू-टर्नला टायर घासला' या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढता ओढता वाचला आणि परत आत जाऊन तुमचं जॉबकार्ड काढलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: व्ही-क्रॉस पिकअप आमच्याकडून लेव्हल करून घेतली, म्हणजे पुढून उचलून मागच्या उंचीला आणली, वर मोठे रिम आणि टायर घातले, आणि पातलीपाड्याच्या पुलाखाली पहिल्याच यू-टर्नला टायर घासला. सोसायटीच्या रॅम्पवरून रिव्हर्स घेताना तर रोजच घासतो. मायलेज १२ चं १० वर आलं. वळल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. आणि तक्रार घेऊन आलात तेव्हा आमच्या पोराने "मोठ्या टायरला एवढं चालतंच" म्हणून परत पाठवलं.

शेवटच्या गोष्टीची माफी आधी मागतो. घासणं चालत नसतं. मी त्या दिवशी दुकानात नव्हतो, पण मालक नसला तरी गाडी लिफ्टवर घेऊन बघायची, एवढं पोरांना शिकवून ठेवणं माझंच काम होतं.

बाकीचं जरा लांबण लावून लिहितो. उद्या हे वाचून आणखी कोणी पिकअपवाला लेव्हलिंगच्या आधी दोनदा विचार करत असेल तर माझी हरकत नाही.

पिकअपचं नाक खाली आणि शेपूट वर, ही काही कंपनीची चूक नाही. मागे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, म्हणजे पाटे आहेत. हौद्यात माल पडला की ते बसतात आणि गाडी सरळ होते. आपण ठाण्यात हौदा रिकामा ठेवून फिरतो म्हणून ती वाकलेली दिसते. ते डोळ्याला खटकतं, म्हणून पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरच्या जोडीच्या) डोक्यावर २५ मिमीचा स्पेसर, म्हणजे जाड चकती टाकली, की चाक धरणाऱ्या आर्मच्या तरफेमुळे चाकापाशी साधारण ५० मिमी उंची मिळते. तुमच्या गाडीला तेच केलं. पुढून पोकळी मोठी दिसायला लागली, आणि तिथेच सगळे फसतात. मीही थोडा फसलो.

ही उंची वरच्या दिशेची आहे. टायरच्या मागे कॅबचा माउंट (कॅबला चेसीवर धरणारा भाग) आणि मडफ्लॅप, पुढे बंपरचा कोपरा, तिकडे लेव्हलिंगने एक मिलिमीटरसुद्धा जागा वाढत नाही. आणि वळताना टायर घासतो तो नेमका तिकडेच. कंपनीचा तुमचा टायर २५५/६० आर १८ (रुंदी २५५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १८ इंची), व्यास ७६३ मिमी. आता बसवलेला २८५/६५ आर १८, व्यास ८२८ मिमी. म्हणजे मागे ३२ मिमी आणि पुढे ३२ मिमी टायर सरकून आला. त्यात तुम्ही निवडलेले रिम ९ इंच रुंद आणि शून्य ऑफसेटचे. रिम गाडीला जिथे बसतो ती बाजू रिमच्या मध्यापासून किती बाहेर आहे, तो ऑफसेट; तो जेवढा कमी, तेवढं चाक बाहेर. कंपनीच्या रिमचा ऑफसेट तीस मिमीच्या घरात असतो. त्यामुळे चाकाची बाहेरची कड जवळपास दोन इंच बाहेर आली, आणि जे चाक बाहेर येतं ते स्टिअरिंग फिरवल्यावर मोठा घेर घेऊन आत शिरतं. चाक बाहेर काढलं की घासणार नाही, असं बरेच जण समजतात. आतल्या वरच्या आर्मला घासायचं थांबतं, हे खरं. लायनरला, म्हणजे चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तराला घासायचं उलट वाढतं.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी २६५/६० आर १८ सुचवला होता. व्यास ७७५, म्हणजे मूळ टायरपेक्षा जेमतेम १२ मिमी जास्त, कंपनीच्याच रिमवर बसतो. तुम्ही मोबाइलमध्ये थायलंडमधल्या गाडीचा फोटो दाखवलात आणि म्हणालात, "३३ च पाहिजेत, बाकी सगळं बारीक दिसतं." ३३ म्हणजे साधारण ३३ इंच व्यासाचे, हेच २८५/६५. त्या गाडीच्या आतला पत्रा आणि लायनर कापलेला असणार, हे फोटोत दिसत नाही. मी दोन वाक्यं कुरकुर केली आणि ऑर्डर घेतली. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं होतं हे खरं, पण गल्ल्यावर मी बसलो होतो. नाही म्हणता आलं असतं.

दुसरी चूक पूर्णपणे माझी. टायर बसवल्यावर पूर्ण लॉक मारून, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवून बघितलं ते दुकानातल्या सपाट लादीवर. तिथे घासत नव्हतं, बोटभर फट होती. तुमच्या बेसमेंटचा रॅम्प चढून रिव्हर्स बाहेर येताना गाडीचं नाक उताराकडे असतं, सगळं वजन पुढच्या स्प्रिंगांवर येतं आणि वर तुम्ही पूर्ण लॉक मारलेला असतो. मोठा टायर तपासायचा तो असाच तपासायला हवा. घोडबंदर रोडवर दर दुसऱ्या टॉवरला असा रॅम्प आहे आणि आम्ही इथेच धंदा करतो. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

आता स्टिअरिंग. पुढून गाडी उचलली की आर्मचे कोन बदलतात आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. वळण संपल्यावर चाक आपलं आपण सरळ येतं ते कॅस्टरमुळे. तुमच्या बिलावर अलाइनमेंट लावलेली आहे आणि ती केलीही आहे; टो आणि कॅम्बर हे चाकांचे दुसरे दोन कोन कंपनीच्या मर्यादेत आहेत. पण प्रिंटआउटमध्ये दोन्ही बाजूंचा कॅस्टर खालच्या टोकाला आहे, आणि तो कागद मी तुम्हाला समजावून न सांगता गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला. कॅस्टर परत आणायचा तर वेगळे अप्पर आर्म लागतात. तो खर्च आधी सांगितला असता तर कदाचित तुम्हीच लेव्हलिंगचा विचार सोडला असता.

मायलेजबद्दल मात्र तुमच्याशी थोडं भांडतो. टायर ८.४ टक्क्यांनी मोठा झाला, पण ओडोमीटरला ते माहीत नाही. तो १०० किमी मोजतो तेव्हा गाडी १०८ चाललेली असते. त्यामुळे तुमचे १० खरे तर १०.८ आहेत. घट आहेच, टायर जड, रुंद, वर ऑल-टेरेन नक्षी. पण ती दोनची नाही, सव्वाची आहे. आणि हाच हिशेब स्पीडोमीटरला लावून बघा. आधी मीटरवर ८० असताना तुमची गाडी खरोखर ज्या वेगाने जायची, आता त्याच ८० वर ती त्याहून सहा-सात किलोमीटर जास्त पळते. कॅमेरा गाडीचा वेग मोजतो, तुमचा काटा नाही.

स्टेपनीचं कोणी विचारत नाही, म्हणून इथेच सांगतो. हौद्याखाली अजून जुन्या मापाची स्टेपनी आहे, कारण नवीन माप तिथे बसतच नाही. पंक्चर झालं आणि ती लावली, तर डांबरी रस्त्यावर फोर-व्हील अजिबात टाकू नका. वेगवेगळ्या घेराची चाकं एकत्र बांधली गेली की ताण ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) आणि डिफरन्शियलवर येतो, आणि ते बिल टायरच्या बिलापेक्षा मोठं असतं.

कायद्याचंही बोललं पाहिजे, आमच्या धंद्यात कोणी बोलत नसलं तरी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरटीओने किंवा विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने टेप लावली, तर तुमचे ८२८ मिमी समजावून सांगणं मला जमणार नाही. हे मी तुम्हाला तोंडी सांगितलं होतं, हसत हसत. हसत सांगितलेलं कोणी मनावर घेत नाही.

तुम्ही लिहिलंय की तुर्भ्याला एकाने कॅबचा माउंट ग्राइंडरने कापून देतो म्हटलंय. साहेब, तो माउंट कॅबला चेसीवर धरतो. तिथला पत्रा कापून वर वेल्डिंग मारली की पहिला पावसाळा निघतो, दुसऱ्याला गंज आत शिरतो. कापायचं तर त्यांच्याकडे कापा, पण मग गाडी माझ्याकडे आणू नका. स्टिअरिंगचा लॉक कमी करून घासणं थांबवता येतं, तेही मी करणार नाही. एवढी लांब गाडी आधीच नौपाड्याच्या गल्लीत दोन वेळा मागेपुढे करूनच वळते.

माझ्याकडून काय होईल ते लिहितो. कंपनीचे चारही रिम आमच्याकडे तुमच्या नावाने ठेवलेत. त्यावर २६५/६० बसवू. मजुरी, बॅलन्सिंग, अलाइनमेंट माझ्याकडून. तुमचे २८५ चे टायर आणि रिम मी विकून देतो. टायर ९०० किमी चाललेत, तेव्हा तोटा होणार, तो निम्मा तुमचा, निम्मा माझा. लेव्हलिंगचा स्पेसर ठेवायचा की काढायचा ते तुम्ही ठरवा. काढलात तर स्टिअरिंगही पूर्वीसारखं होईल आणि स्पेसरचे पैसे पूर्ण परत. ठेवलात तर निदान हेडलाइटची नॉब खाली करा. हौद्यात माल भरल्यावर नाक आणखी वर होतं आणि समोरच्याच्या डोळ्यात सगळा उजेड जातो.

आणि २८५ च ठेवायचे असतील, तर मी एवढंच करू शकतो: हीटगन लावून लायनर मागे बसवणं, मडफ्लॅप छाटणं, वेगळे अप्पर आर्म घालून कॅस्टर परत आणणं. आर्मचे पैसे तुमचे. रॅम्पवर शंभर टक्के घासणार नाही अशी खात्री मी लिहून देणार नाही. दुकानात आता पाटी लावली आहे, व्ही-क्रॉसला ३३ आम्ही बसवत नाही.

मंगळवार सोडून कधीही सकाळी दहाच्या आत या, नंतर लिफ्ट रिकामी नसते. नवीन टायर लागले की मी स्वतः तुमच्या सोसायटीत येईन आणि आपण तो रॅम्प रिव्हर्समध्ये दोन्ही बाजूंना पूर्ण लॉक मारून चढू. वॉचमनला तेवढं सांगून ठेवा.