पावणेआठचं जातं

एक्सेल शीट केली होती मी. गाणं ऐकायला जायचं म्हणून एक्सेल शीट! चाळिशी उलटलेली, एरवी बऱ्यापैकी डोकं ठिकाणावर असलेली बाई शुक्रवारी रात्री साडेअकराला, ओटा आवरून झाल्यावर रकाने रंगवत बसली होती. हिरवा म्हणजे ऐकायचंच. पिवळा म्हणजे जमलं तर. तांबडा म्हणजे भाचा म्हणतोय म्हणून. रविवारी रात्री घरी आले तेव्हा हिरव्यातला एकही कार्यक्रम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला नव्हता. पिवळ्यातले दोन अर्धे-अर्धे, तांबड्यातला एक पूर्ण, आणि तो तांबडा अजून माझ्या दाढेत वाजतोय.

फेस्टिव्हलचं नाव घेत नाही. प्रायोगिक संगीताचा होता, दोन दिवसांचा, हौशी पोरांनी केलेला. नाव घेतलं की लगेच "मावशी, किती कष्ट असतात माहितीये का" सुरू होईल. दिसतात रे बाळांनो कष्ट. पण अडीच हजारांचा पास काढलाय मी, माझेही दिसू देत की.

पहिलं भांडण वेळापत्रकाशी. तिकीट दोन महिने आधी विकलं, पण कोण, कधी, कुठे हे कळलं त्या आठवड्याच्या बुधवारी रात्री. तेही इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर, जी दुसऱ्या दिवशी उडते. काळ्यावर जांभळी अक्षरं, मुंगीच्या पायाएवढी. स्क्रीनशॉट काढून मोठा केला तर सगळ्याची जांभळी खीर. गुरुवारी दुसरं वेळापत्रक आलं, शुक्रवारी तिसरं, आणि कुठलं जुनं कुठलं नवं हे कळायला कोपऱ्यात साधी तारीख नाही. या पुण्यात लग्नपत्रिकेवर '12 वाजून 37 मिनिटे' असा मुहूर्त छापतात, खाली कार्यालयाची खूण आणि वाहन कुठे लावू नये हेसुद्धा छापतात. आणि इथे काय, तर 'उशिरा संध्याकाळी'. आमच्या बाबांची उशिराची संध्याकाळ सहाला होते, भाच्याची साडेनऊला. आता मी कोणाची धरू?

मग कलाकारांची माहिती. प्रत्येकाखाली चार ओळी आणि चारी ओळींत शोध. कोणी 'स्मृती आणि अवकाश यांच्यातल्या ताणाचा शोध' घेतोय, कोणी 'देहाच्या सीमारेषांचा', कोणी नुसताच 'शांततेचा'. इतकं हरवलंय तरी काय यांचं? वाजवता काय ते सांगा ना! बासरी? ड्रिल मशीन? कुकर? शेवटी भाच्याला फोन लावला.

"मावशी, तो ना, नो-इनपुट मिक्सर वाजवतो."

"म्हणजे?"

"म्हणजे आवाजाच्या मिक्सरमधून बाहेर येणारी वायर परत त्याच मिक्सरच्या आत घालायची. बाहेरून काहीच आवाज द्यायचा नाही. मग तो स्वतःचंच ऐकून शिट्ट्या मारायला लागतो, आणि बटणं फिरवून त्या शिट्ट्या वाजवायच्या."

अरे, मग हे लिहा ना! आपलंच आपण ऐकून केकाटणारं यंत्र. पुण्यात याहून ओळखीचं काय असणार? एका वाक्यात हिरवा रकाना झाला असता. पण नाही, 'स्वयंपूर्ण प्रणालींच्या आत्मसंवादाचा शोध'.

असंच त्या जात्याचं. रविवारी पावणेआठला मुंढव्याच्या गोदामात 'श्रम आणि पाषाण' असं काहीतरी होतं, मी ते तांबड्यातही घेतलं नव्हतं. भाचा म्हणाला, ती बाई खरंखुरं दगडी जातं आणते, खालच्या दगडाला कॉन्टॅक्ट माइक चिकटवते आणि दळते. कॉन्टॅक्ट माइक हवेतला आवाज घेत नाही, वस्तूचं कंपन थेट पकडतो. हे ऐकलं आणि मी जागच्या जागी गप्प. माझी आजी मेतकूट जात्यावर दळायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली असायचे आणि तो आवाज कानातून यायचाच नाही, कवटीतून यायचा. कॉन्टॅक्ट माइक म्हणजे आजीच्या मांडीवरचं माझं डोकंच की! रकाना हिरवा केला, वर ठळक केला, चौकट घातली.

आणि मग बाकीचं वेळापत्रक बघितलं. पावणेआठला मुंढव्यात जातं. साडेसातला डेक्कनच्या सभागृहात तो मिक्सरवाला. आठला कोरेगाव पार्कात कॅफेच्या अंगणात दोन तासांचा ड्रोन, म्हणजे तंबोऱ्यासारखा लांबवलेला सूर, ज्यासाठी मुळात मी पास काढला होता. तिन्ही हिरवे. तिन्ही एकाच वेळी. तीन जागा, तीन टोकांना. आणि साडेपाच ते सात या दीड तासात? तिन्ही जागी मिळून एक माणूस, तोही त्यातला अर्धा वेळ केबली जोडत बसलेला. वेळापत्रक करणाऱ्याने चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी याहून बरं जमलं असतं.

"मग थोडं इथे ऐक, थोडं तिथे," असं म्हणणाऱ्यांवर माझा खरा राग आहे. हे काय लग्नाचं जेवण आहे, दोन घास इथे, दोन घास तिथे? ऑर्केस्ट्रातून दोन गाणी ऐकून उठलात तर दोन गाणी तरी पदरात पडतात. ड्रोनमधून दहा मिनिटांत उठलात तर हातात शून्य. ज्याने घरी तंबोरा जुळवलेला ऐकलाय त्याला हे सांगावं लागत नाही. जवारीचा दोरा सरकवत, खुंट्या पिळत बाबा बसायचे, आणि आम्हा पोरांना नुसतं टणण टणण ऐकू यायचं. मग कधीतरी, कान निवल्यावर, खर्जाच्या तारेतून गंधार यायला लागायचा. स्वयंभू गंधार. गंधाराची तार कोणी छेडलेली नसते, मुळात ती तारच नसते. आणि ड्रोनवाले दुसरं काय करतात? 220 हर्ट्झचा एक सूर आणि 222 हर्ट्झचा दुसरा एकत्र लावला की सेकंदाला दोन हेलकावे येतात. यादीत वाचाल तर यात ऐकण्यासारखं काही नाही. पण वीस मिनिटं त्यात बसा, खोली हलायला लागते. त्यात हॉलभर गोलाकार स्पीकर लावलेले, मधोमध बसलं तर आवाज फिरतो. उशिरा पोहोचलात तर कोपऱ्यातल्या एकाच स्पीकरखाली बसून शेजारच्या फ्रीजची घरघर ऐकल्यासारखं. म्हणजे जे संगीत फक्त बसणाऱ्यालाच दिसतं, त्याच्यासाठी यांनी पळणाऱ्याचं वेळापत्रक केलं. स्वयंभू गंधार काय रिक्षा लावून येतो?

कारण मला कळतं, अगदीच बिनडोक नाही मी. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला नियमात सूट आहे, पण कॅफेचं अंगण काही बंदिस्त नाही, आणि शेजारच्या सोसायटीतले काका सव्वादहाला पोलिसांना फोन लावायला टपलेलेच असतात. तेव्हा सगळं पाच ते दहात कोंबायचं. ठीक. मग कलाकार कमी बोलवा! दिवसाला चौदा कशाला? सात बोलवा, एका जागी बसवा, एकामागून एक. या शहराला हे शिकवायला लागतंय याचंच मला नवल वाटतं. 1953 साली भीमसेनजींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी सवाई महोत्सव सुरू केला, तेव्हापासून एकच मांडव आणि एकच मंच. पूर्वी शेवटची बैठक तर रात्रभर चालून उजाडायची. दहाच्या नियमाने रात्र कापली, पण तिथे कोणी वाचलेल्या वेळेत तीन स्टेज उभे केले नाहीत. सतरंजी टाकायची, डबा उघडायचा, आवडतं ते ऐकायचं आणि न आवडतं त्यावेळी चहाला जायचं. निवड करायची ती फक्त बटाटेवडा की इडली एवढीच.

बाबा पंचाहत्तरीला आलेले, जन्मभर सवाईवाले. मी शीट रंगवत होते तेव्हा मागे येऊन उभे राहिले. "गाणं ऐकायला जातेयस की कारखान्याच्या पाळ्या लावतेयस?" भाच्याने तेवढ्यात तेल ओतलं. म्हणाला, "आजोबा, अमेरिकेत ज्यांनी हे ड्रोनचं सुरू केलं ना, त्यातले ला माँट यंग आणि टेरी रायली 1970 पासून पंडित प्राणनाथांकडे शिकत होते. किराणा घराण्याचे, तुमच्या भीमसेनजींच्याच."

"किराण्याचे?" बाबांचा चेहरा बदलला. "मग मीही येतो."

झालं! आता माझ्या शीटमध्ये नवा रकाना: गुडघे. कुठे जिने आहेत? खुर्च्या आहेत का जमिनीवर बसायचंय? स्वच्छतागृह कुठे? फेस्टिव्हलच्या माहितीत देहाच्या सीमारेषांवर दोन परिच्छेद होते, देहाला लागणाऱ्या संडासाबद्दल अक्षर नाही. मेसेज केला, उत्तर आलं एक हसरं तोंड आणि 'वाइब ओपन आहे'. वाइब ओपन असू दे, दार कुठल्या बाजूला आहे ते सांग.

शनिवारचं सगळं सांगत बसत नाही. एवढंच सांगते की पहिला कार्यक्रम पन्नास मिनिटं उशिरा लागला, कारण निवेदक. "भारतात हे सगळं आत्ता कुठे सुरू होतंय," असं तो बारा मिनिटं सांगत होता. आत्ता? अरे, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य, येऊन बसला होता, अमेरिकन पियानोवादक डेव्हिड ट्यूडरने स्वतः येऊन स्टुडिओ उभा करून दिला. तुझ्या वडिलांनी तेव्हा मुंज तरी पाहिली होती का? उरलेली अडतीस मिनिटं साउंडचेक, जो दुपारी व्हायला हवा होता. आणि एक कार्यक्रम पन्नास मिनिटं सरकला की माझी शीट कोसळली, कारण बाकीच्या दोन जागा मात्र वेळेवर. तिथे नेमके सगळे शिस्तीचे.

रविवारी मी ठरवलं, बाकी खड्ड्यात गेलं, जातं ऐकायचंच. बाबांना सहाला डेक्कनच्या सभागृहात बसवलं, कारण तिथे खुर्च्या होत्या आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर होतं. पाण्याची बाटली दिली, भाकरवडीचं पाकीट दिलं, म्हटलं, "बाबा, तुम्ही इथून हलू नका, मी साडेनऊला घ्यायला येते." फेस्टिव्हलच्या अॅपमध्ये डेक्कन ते मुंढवा 'वीस मिनिटे' लिहिलं होतं. कोणत्या पुण्यात? पेशव्यांच्या? मी शहाणपणा करून मेट्रोने बंडगार्डनला उतरले आणि तिथून रिक्षा केली. रिक्षावाला आधी नाहीच म्हणाला, मग परतीचं भाडं मिळत नाही म्हणून साठ रुपये जास्त घेतले. तेही दिले. आणि मुंढवा चौकाच्या अलीकडे आम्ही जे उभे राहिलो ते उभेच. पुढे टँकर, मागे वरात, बाजूला बुलेटवाला ज्याच्या सायलेन्सरची जाळी काढलेली.

भाच्याला मेसेज केला. त्याचं उत्तर: "मावशी चिल, ट्रॅफिकपण ऐक ना. केज तेच तर सांगतो." केज म्हणजे जॉन केज, अमेरिकन संगीतकार. ते मला माहीत आहे. 1952 मध्ये हाच ट्यूडर पियानोसमोर 4 मिनिटं 33 सेकंद काहीही न वाजवता बसला होता, आणि लोकांनी आजूबाजूचं जे काही येईल ते ऐकावं असा केजचा बेत होता. पण ते साडेचार मिनिटांत संपलं रे! आणि त्यात बेंजो नव्हता. मी मुंढवा चौकात चाळीस मिनिटं बसले.

आठ वाजून वीस मिनिटांनी गोदामात पोहोचले. अंधार. दोन पोरं तारा गुंडाळत होती.

"संपलं?"

"इथलं रद्द झालं ना मॅडम. जनरेटर बंद पडला. जातेवाला सेट डेक्कनला शिफ्ट केला, साडेसातला स्टोरी टाकली होती."

स्टोरी टाकली होती. मी रिक्षात बसून गूगल मॅपवरची लाल रेघ बघत होते, तेव्हा स्टोरी टाकली होती. तिथून परत डेक्कन. कोरेगाव पार्कचा ड्रोन वाटेत होता, तिथे उतरावंसं क्षणभर वाटलं, पण बाबा एकटे. रिक्षातून जाताना त्या अंगणाबाहेर फक्त एक लांबलचक हूं ऐकू आला, तोही कदाचित फ्रीजचाच असेल.

पावणेदहाला सभागृहात शिरले तर बाबा सहाला बसवले होते त्याच खुर्चीत, मांडीवर भाकरवडीचं रिकामं पाकीट.

"अगं, कुठे होतीस? ते जातं फार छान झालं," म्हणाले. "मध्ये थोडा डोळा लागला माझा. पण दळताना ओवी म्हणायला हवी होती तिने. नुसतं दळत होती."