‘टीएक्स आणि ग्राउंड, दोन तारा जोडा, झालं’: मल्टिमीटर कॉम्प्युटरला असा जोडू नका

सध्या एक सल्ला फार फिरतोय: कुठलाही स्वस्त मल्टिमीटर उघडा, चिपचा टीएक्स (डेटा बाहेर पाठवणारा) पाय शोधा, तो आणि ग्राउंड यूएसबी-टीटीएल मॉड्यूलला (चिपचा सिरियल सिग्नल यूएसबीवर आणणारी छोटी पट्टी) जोडा, रीडिंग कॉम्प्युटरवर. कंपनीची ऑप्टिकल (प्रकाशातून डेटा वाचणारी) केबल म्हणे निव्वळ लूट.

‘कुठलाही मीटर’ इथेच घोडं पेंड खातं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सर्रास मिळणाऱ्या डीटी830डी या मीटरमध्ये 7106 जातीची चिप असते, काळ्या इपॉक्सीच्या थेंबाखाली. ती एलसीडीचे सेगमेंट थेट चालवते. सिरियल आउटपुट (बिटामागून बिट डेटा पाठवायची सोय) तिला मुळातच नाही, त्यामुळे शोधायला टीएक्स पायही नाही. एफएस9721, एफएस9922 किंवा ईएस51922 अशी चिप असेल तरच पुढचं बोलणं.

आता ‘ग्राउंड’. सल्ल्यातला सगळ्यात घातक शब्द हा. डेस्कटॉपच्या यूएसबीचं ग्राउंड कॅबिनेटला आणि तिथून प्लगच्या तिसऱ्या पिनेनं अर्थिंगला जोडलेलं असतं. मीटरच्या आतल्या ग्राउंडचं आणि काळ्या प्रोबचं नातं काही व्होल्टचंच. घरातला सॉकेट तपासताना काळी प्रोब फेजला लागली, की 230 व्होल्ट (शिखर सुमारे 325) मीटरच्या सर्किटमधून सरळ मदरबोर्डवर. मीटरचा फ्यूज इथे वाचवत नाही, कारण तो करंटच्या सॉकेटच्या वाटेवर असतो, कॉमच्या (काळ्या प्रोबच्या सॉकेटच्या) नाही.

‘मग लॅपटॉप बॅटरीवर चालवा’ हा त्यावरचा ठेवणीतला तोडगा. त्यानं शॉर्ट टळतो, पण अख्खा लॅपटॉप फेजवर जातो; यूएसबी आणि एचडीएमआयच्या धातूच्या कडांना हात लागला की संपलं.

‘मी फक्त 5 व्होल्टचीच सर्किटं मोजतो’ असं म्हणणाऱ्यांसाठीही हे बरोबर नाही. या मीटरांत काळी प्रोब बॅटरीच्या ऋण टोकाला नसते, त्याहून काही व्होल्ट वर असते. 7106मध्ये ती धन टोकापासून सुमारे 2.8 व्होल्ट खाली धरलेली असते. मोजायचा आर्डुइनो त्याच कॉम्प्युटरच्या यूएसबीवर असेल, तर मीटरचं बॅटरी-ऋण आणि कॉम बाहेरून शॉर्ट होतात. रीडिंग भरकटतं आणि लोक प्रोबला दोष देत बसतात.

कंपनीच्या केबलमध्ये पैसे कशाचे, तर मीटर आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या विजेच्या फारकतीचे. मीटरमधला इन्फ्रारेड एलईडी खिडकीतून लुकलुकतो, केबलच्या टोकातला फोटोट्रान्झिस्टर ते वाचतो. दोघांमध्ये तांब्याचा धागाही नाही. (किंमत जास्त आहे, हे मात्र मान्य.)

घरीच करायचं तर ऑप्टोकपलर लावा (एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला ट्रान्झिस्टर, मध्ये फक्त प्रकाश). पीसी817च्या एलईडीचा ॲनोड 1 किलोओहममधून मीटरच्या चिपच्या धन पुरवठ्याला, कॅथोड टीएक्सला. 3 व्होल्टवर साधारण 1.8 मिलिॲम्पिअर वाहतील. चिपच्या पायाला तेवढं झेपत नसेल तर मध्ये ट्रान्झिस्टर हवा. दुसऱ्या बाजूला कलेक्टर मॉड्यूलच्या आरएक्सला (डेटा घेणाऱ्या पायाला) आणि 10 किलोओहममधून 3.3 व्होल्टला, एमिटर मॉड्यूलच्या ग्राउंडला. एलईडी टीएक्स आणि मीटरच्या ग्राउंडमध्ये लावलात तर सिग्नल उलटा येतो आणि स्क्रीनवर कचरा दिसतो. 2400 बॉडला (सेकंदाला 2400 बिट) एक बिट 417 मायक्रोसेकंदांचा, तिथे पीसी817 पुरतो. 19200ला बिट 52 मायक्रोसेकंदांवर येतो आणि 10 किलोओहमवर त्याचा ट्रान्झिस्टर वेळेत बंद होत नाही. तिथे 6एन137 हा वेगवान ऑप्टोकपलर घ्या. व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या समांतर पट्ट्यांचा बोर्ड) ऑप्टोच्या पायांच्या दोन रांगांमधल्या तांब्याच्या पट्ट्या कापायला विसरू नका. आणि केसला भोक पाडून तारा बाहेर काढल्यावर त्यावर छापलेल्या कॅट रेटिंगला (मेन्सवर मीटर किती सुरक्षित, याची श्रेणी) अर्थ उरत नाही. असा मीटर मेन्सवर वापरू नका.

‘पोर्ट उघडला की आकडे दिसतात’ हेही अर्धसत्य. युनि-टीच्या जुन्या यूटी61ईला 19200 बॉड, 7 डेटा बिट, ऑड पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) लागते. त्याच मालिकेतल्या यूटी61बी, सी, डीला 2400, 8 बिट, पॅरिटी नाही. एफएस9721 तर आकडा पाठवतच नाही: 14 बाइट येतात, प्रत्येकाच्या वरच्या चार बिटांत क्रमांक 1 ते 14 आणि खालच्या चारांत एलसीडीचे पेटलेले सेगमेंट. आकडा आपण जुळवायचा, नाहीतर सिग्रोक या सॉफ्टवेअरला जुळवू द्यायचा. यूटी-डी02 ही आरएस232 केबल आपली वीज डीटीआर-आरटीएस या पोर्टच्या दोन नियंत्रण तारांवरून घेते: डीटीआर चालू, आरटीएस बंद. ऋण व्होल्टेज न देणाऱ्या स्वस्त यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरवर ती मुकी राहते आणि मीटर बिघडला असं वाटतं.

‘कॉम्प्युटरला जोडल्यावर अचूकता वाढते’ यावर काय बोलायचं? डिस्प्लेवर जे आहे तेच येतं, सेकंदाला साधारण दोन-तीनदा. रिलेचा क्षणिक स्पाइक त्यात सापडणार नाही. रात्रभर बॅटरी डिस्चार्जची नोंद घ्यायला मात्र हा वेग भरपूर आहे. फक्त आधी ऑटो पॉवर ऑफ (मीटर आपोआप बंद होणं) बंद करा. बऱ्याच मीटरांत सिलेक्ट बटण दाबून ठेवून डायल ऑफवरून फिरवला की ते होतं.