नाडी मोजत जागणारे बाबा

हृदयविकारात समुपदेशन हा उपचाराचाच भाग असावा, असं एका लेखात वाचलं आणि मनापासून पटलं. दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. रिपोर्ट चांगले, हृदयाचं पंपिंग उत्तम, पण माणूस पार मिटून गेला. रात्री अडीच वाजता अंथरुणात बसून मनगट धरून नाडी मोजायचे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कठडा पकडून थांबायचे. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या, पथ्य, सगळं होतं. भीतीबद्दल एक अक्षर नव्हतं.

शेवटी एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेलो. हृदयरोगतज्ज्ञांना विचारून त्या स्वतः बाबांबरोबर जिना चढल्या. मग वही करायला लावली: धाप लागली तेव्हा मनात काय आलं आणि प्रत्यक्षात काय झालं. दोन महिन्यांनी बाबा एकटे मंडईत जाऊन मेथीची जुडी घेऊन आले. आई दारातच रडली.

स्वीडनच्या उप्सालामध्ये ३६२ हृदयरुग्णांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर गटात दिलेल्या मानसोपचारानंतर तिथे पुन्हा झटका येण्याचं प्रमाण बरंच घटलं. अमेरिकेत हृदयरुग्णांवर मानसोपचाराची जी मोठी चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात मात्र नैराश्य कमी झालं, मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून आयुष्य वाढेल असं कुणाला सांगू नये. पण त्या भीतीत जगणं किती कठीण असतं ते आम्ही पाहिलंय.

ज्यांना जवळपास कुणी सापडत नाही, त्यांनी सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.