'फक्त फॉरमॅटिंग' म्हणे!

माझ्याकडे तपासायला एक पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलांचा प्रस्ताव) आला. ४७ फाइली. १,९१२ ओळी वाढल्या, १,८८६ कमी झाल्या. आणि वर्णनात एकच वाक्य: 'फक्त फॉरमॅटिंग, मजकुरात बदल नाही.'

अरे बाबा, बदल नाही हे तू म्हणतोस. ते खरं आहे की नाही हे बघण्यात माझा अख्खा रविवार गेला. आणि खरं नव्हतंच ते.

एका छोट्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) टूलचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसं वापरायचं ते सांगणारी पानं, मी सांभाळतो. फुकट. त्याबद्दल तक्रार नाही, हौसेनेच घेतलंय. पण आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात तसे हे फॉरमॅटिंगवाले. त्यांनी एडिटरमधलं एक बटण दाबायचं आणि पुढचे आठ तास मी डोळे फोडायचे. बरं, कोडमध्ये गडबड झाली तर निदान टेस्ट बोंब मारते. मजकुराला कसली टेस्ट? लिंक तुटली तर कळतं, अर्थ तुटला तर कोण सांगणार?

या साहेबांनी सगळे परिच्छेद ८० अक्षरांवर मोडून पुन्हा जुळवलेत. ही ८० ची मर्यादा १९२८च्या आयबीएमच्या पंचकार्डाची, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डाची. कार्डं संग्रहालयात गेली, हट्ट मात्र आमच्या मानगुटीवर तसाच बसलाय. जुन्या-नव्या फाइलींतला फरक दाखवणारा डिफ चालतो ओळीवर: गेलेली ओळ लाल, आलेली हिरवी. पहिल्या ओळीत एक शब्द वाढला की तिचं शेपूट दुसरीत जातं, दुसरीचं तिसरीत, आणि अख्खा परिच्छेद लाल-हिरवा होतो. त्यात खरा बदल कुठला ते शोधा आता! प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा, असं संगणकतज्ज्ञ ब्रायन कर्निघन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या नवशिक्यांसाठी लिहिताना १९७४ मध्येच सांगून ठेवलंय. आमच्या नियमांतही ते आहे. पण नियमांची फाइल वाचायची असते हे कोणाच्या गावीही नाही. या पठ्ठ्याने तर तीही ८० वर मोडून ठेवलीय!

'मग स्पेस दुर्लक्षून बघ ना' हा सल्ला देणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. तो पर्याय लावला तरी ओळी जिथे मोडल्यात तिथे सगळं लालच दिसतं. शब्दाशब्दाने डिफ काढला तर ओळींचा गोंधळ जातो खरा, पण मग स्पेसमधले बदल दिसेनासे होतात. आणि आमची पानं ज्या साध्या खुणांच्या पद्धतीत लिहितात त्या मार्कडाउनमध्ये स्पेसलाच अर्थ असतो, त्याचं काय? ओळीच्या शेवटी दोन स्पेस म्हणजे तिथे ओळ तोडा. एडिटरने 'फालतू स्पेस' म्हणून त्या झाडून टाकल्या आणि आमचे एकाखाली एक लिहिलेले सहा पर्याय एका लांबलचक ओळीत गुंडाळले गेले. म्हणजे तीच फाइल एकदा ओळींसाठी वाचायची, मग शब्दांसाठी, मग पान तयार करून डोळ्यांनी बघायची. गुणिले ४७.

इन्स्टॉलेशनचं पान तर बघवत नव्हतं. तिथे आम्ही प्रत्येक पायरीला १ हाच आकडा लिहितो, पान तयार होताना क्रम आपोआप लागतो. पायरीखालची कमांड तीन स्पेस आत असते. यांनी केल्या दोन, 'एकसारखं दिसावं म्हणून'. झालं! कमांड यादीतून बाहेर पडली, प्रत्येक पायरीनंतर नवी यादी सुरू झाली, आणि वाचणाऱ्याला दिसतंय काय, तर पायरी १, पायरी १, पायरी १.

पण माझं डोकं खरं फिरलं ते ३१व्या फाइलला. आमच्या टूलमध्ये जुने बॅकअप उडवणारी कमांड आहे. तिला ड्राय-रनचा पर्याय लावला की काय उडेल ते नुसतं दाखवते, उडवत काही नाही. त्या पर्यायाच्या आधी दोन हायफन लागतात. कुठल्याशा 'स्मार्ट' सुधारणेने त्या दोन हायफनांचा एक लांब डॅश केला होता. आमचं टूल अशा शब्दाला पर्याय समजत नाही, फोल्डरचं नाव समजतं. त्या नावाचं फोल्डर नाही म्हणून कुरकुरतं आणि बाकीच्या फोल्डरांतले बॅकअप खरोखर उडवून मोकळं होतं. कोणी बिचाऱ्याने सावधपणे, आधी नुसतं बघू या म्हणून ती ओळ कॉपी केली असती तर? एक डॅश! डिफच्या फॉण्टमध्ये तो हायफनाचा जुळा भाऊ दिसतो. आणि माझ्या आधीच्या रिव्ह्यूवाल्याने हे सगळं चार मिनिटांत पास केलं होतं. शेरा: 'छान दिसतंय'.

भाषांतरवाल्यांचे हाल वेगळेच. ठळक शब्दांभोवतीचे तारे काढून अंडरस्कोअर घातले, पानावर काडीचा फरक नाही. पण मूळ वाक्य बदललं, म्हणून भाषांतरं सांभाळणाऱ्या गेटटेक्स्ट या टूलने त्याचं भाषांतर 'फझी' (संदिग्ध) ठरवलं आणि वापरणंच बंद केलं. महिनोन्‌महिने खपून केलेल्या पानांवर जागोजागी पुन्हा इंग्रजी.

आणि फाइलींचा इतिहास ठेवणाऱ्या गिटचं ब्लेम, म्हणजे कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते सांगणारी सोय? चोर सोडून संन्याशाला फाशी. एखादं विचित्र वाक्य कोणी आणि का लिहिलं ते शोधायला जावं, तर प्रत्येक ओळीवर याच महाशयांचं नाव. असले कमिट (बदलांच्या नोंदी) वगळून बघायची सोय गिटने २०१९ मध्ये, २.२३ आवृत्तीत दिली, पण त्यासाठी फॉरमॅटिंगचा कमिट निव्वळ फॉरमॅटिंगचा हवा. यांनी त्यात तीन चुकांची दुरुस्तीही ढवळून टाकली होती. तिन्ही दुरुस्त्या बरोबर, हे आणखी संतापजनक! सुट्या आल्या असत्या तर दहा मिनिटांत मर्ज करून (मूळ फाइलींत घेऊन) वर आभार मानले असते.

२०२०च्या ऑक्टोबरात, पीआर पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात, तो मिळवण्यासाठी लोकांनी रीडमीमध्ये (टूलची ओळख करून देणाऱ्या फाइलीत) एकेक विशेषण घुसडून सगळ्यांना छळलं होतं. ते निदान उघड उघड थिल्लर होतं, न वाचता बंद करता यायचं. हा मुलगा तसा नाही. मनापासून मदत करायला आलाय, त्यामुळे धड खेकसताही येत नाही. (माझाही पहिला पीआर ओळींच्या शेवटच्या स्पेस काढण्याचाच होता. कोणी घेतला नाही ते बरंच झालं.)

म्हणून शिव्या गिळून, तीनदा खोडून गोड भाषेत लिहिलं: 'मेहनतीबद्दल आभार, पण एवढं मोठं एकत्र तपासता येत नाही. फॉरमॅटिंग आणि मजकूर वेगळं करून, तुकडे पाडून पाठवशील का?'

सोमवारी सकाळी ४७ पीआर. प्रत्येक फाइलचा एक. प्रत्येकाचं वर्णन तेच.