रंग न दिसण्यासाठी काही घरगुती उपाय

अमेरिकेत राहणाऱ्या, तिथे जाऊ घातलेल्या आणि मुलाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला सहा महिने काढून आल्यामुळे त्या देशावर अधिकारवाणीने बोलणाऱ्या समस्त मराठी जनांसाठी ही माहिती आहे. समोरच्या माणसाचा रंग दिसणं हा एक त्रास आहे. रंग दिसला की त्याच्यामागचा इतिहास दिसतो, इतिहास दिसला की कुणाचं कुणाकडे काय येणं आहे ते दिसतं, आणि ती वही पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, उघडली की श्रीखंड बेचव लागतं. त्यामुळे सुसंस्कृत माणसं ‘मला बाई रंग दिसतच नाही’ असं म्हणून मोकळी होतात. पण नुसतं म्हणून भागत नाही. साधना लागते.

या संप्रदायाचे आद्यगुरू न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन. झालं असं, की लुइझियानातला होमर प्लेसी हा सात-अष्टमांश गोरा आणि एक-अष्टमांश काळा माणूस १८९२ मध्ये रेल्वेच्या गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि पकडला गेला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. १८९६ मध्ये सात विरुद्ध एक अशा मतांनी निकाल लागला की डबे वेगळे असले तरी सारखे असले म्हणजे झालं. विरोधात गेले ते एकटे हार्लन. आमच्या राज्यघटनेला रंग दिसत नाही, हे प्रसिद्ध वाक्य त्यांचंच. ते पाठ करा, फ्रेम करून लावा. फक्त त्याच परिच्छेदात थोडं वर जाऊ नका, कारण तिथे गोरा वंश प्रतिष्ठा, शिक्षण, संपत्ती आणि सत्ता या सगळ्यात वरचढ आहे आणि आपला वारसा जपला तर सदासर्वकाळ तसाच राहील, असंही हार्लनसाहेब लिहून गेलेत. थोडं खालीही जाऊ नका, तिथे चिनी लोकांबद्दल जे म्हटलंय ते चारचौघांत वाचवत नाही. केंटकीतल्या गुलाम बाळगणाऱ्या घरात वाढलेल्या या माणसाला रंग लख्ख दिसत होता. कायद्याने तो पाहू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आणि तेही अशा काळात, जेव्हा कायदाच रंग पाहून माणसांना डब्यातून खाली उतरवत होता. हे ध्यानात आलं तर साधनेत विघ्न येतं. म्हणून परिच्छेद टाळावा, वाक्य तेवढं घ्यावं.

हेच मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बाबतीत. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये त्यांनी केलेल्या भाषणातलं चार लहान मुलांचं वाक्य घ्या: त्यांची पारख कातडीच्या रंगावरून न होता चारित्र्यावरून व्हावी. बाकीचं भाषण सत्यनारायणाच्या पोथीसारखं आहे असं समजा, आपण प्रसादापुरतं जायचं. नाहीतर सुरुवातीलाच ते चेकची गोष्ट काढतात. अमेरिकेने काळ्या माणसाला दिलेला चेक खात्यात पुरेशी रक्कम नाही असा शेरा मारून परत आलाय आणि आम्ही तो वटवायला आलोय, असं म्हणतात. मोर्चाच्या नावातही स्वातंत्र्याच्या आधी नोकऱ्या होत्या. त्याहून अडचणीचं म्हणजे पुढच्या वर्षी आलेल्या पुस्तकात किंगनी आपल्याच देशाचा दाखला दिलाय: भारताने अस्पृश्यांना कॉलेजप्रवेशात झुकतं माप दिलं, नेहरूंनी त्याला प्रायश्चित्त म्हटलं, आणि किंगना ते पटलं. आरक्षणाचं समर्थन करणारे किंग! हे तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी टाकलंच, तर ‘गुड मॉर्निंग’चं गुलाबाचं फूल टाकून विषय वर सरकवावा.

आता मुख्य औषध. ४ नोव्हेंबर २००८. त्या रात्री शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये लोक रडत होते आणि बराक हुसेन ओबामा हे निर्वाचक मंडळाच्या ३६५ विरुद्ध १७३ मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले होते. हे औषध कशावरही चालतं. पोलिसांनी कुणाला मारलं, ओबामा. कुणाला घरकर्ज नाकारलं, ओबामा. तुरुंगात कोण किती आहेत, अहो ओबामा! एका माणसाला घर मिळालं की सगळ्या चाळीचं भाडं फिटलं असं धरून चालायचं. मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे मात्र पाहू नयेत. गोऱ्या मतदारांपैकी ४३ टक्क्यांनी ओबामांना मत दिलं. २०१२ मध्ये ते ३९ वर आलं. खरं सांगायचं तर २००४ चे डेमोक्रॅट उमेदवार केरी यांच्यापेक्षा ४३ हा आकडा चांगलाच होता, आणि १९६४ मध्ये निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष जॉन्सननंतर कुठल्याच डेमोक्रॅटला गोऱ्यांचं बहुमत मिळालेलं नाही. म्हणजे चित्र सरळ काळंपांढरं नाहीच. पण गुंतागुंत कुणी मागितलीय? आपल्याला उपाय हवाय.

औषधाचे काही दुष्परिणाम दिसले तर घाबरू नये. उदाहरणार्थ, निवडून आलेल्या माणसाला जन्माचा दाखला मागणं. याचा रंगाशी काही संबंध नाही, हे निव्वळ कागदपत्रांविषयीचं कुतूहल आहे. ओबामांचा जन्म १९६१ चा, होनोलुलूचा. सव्वादोन वर्षं देश चालवून झाल्यावर, एप्रिल २०११ मध्ये, त्यांना जन्माचा लांबलचक दाखला जगापुढे ठेवावा लागला. त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले मॅकेन यांचा जन्म १९३६ चा, आणि तो अमेरिकेच्या राज्यांत कुठेच नव्हे तर पनामा कालव्याच्या पट्ट्यात झालेला. त्यांच्यासाठी सिनेटने २००८ च्या एप्रिलमध्ये एकमताने ठराव केला की हे राष्ट्राध्यक्षपदासाठी लागतात तसे जन्मजात नागरिकच आहेत, शंका नको. त्या ठरावाच्या सहप्रस्तावकांमध्ये एक नाव बराक ओबामा असं आहे. इथे हसू आलं तर समजावं की तुमची साधना अजून कच्ची आहे.

जुलै २००९ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स चीनहून परतले, दार अडकलं होतं, ढकलून आत गेले, आणि स्वतःच्याच घरी त्यांना बेड्या पडल्या. आरोप नंतर मागे घेतला गेला. ओबामांनी पोलिसांना मूर्खपणाबद्दल दोन शब्द सुनावले, त्यावरून एवढा गदारोळ झाला की राष्ट्राध्यक्षांना प्राध्यापक, पोलीस आणि उपाध्यक्ष बायडन अशा सगळ्यांना व्हाइट हाउसच्या हिरवळीवर बिअर पाजावी लागली. काळा राष्ट्राध्यक्ष रंगाबद्दल बोलला तर तो रंगाचं राजकारण करतो, आणि गप्प राहिला तर बघा, प्रश्नच उरलेला नाही. दोन्हीकडून आपला फायदा.

तुमच्याआधी या विद्येत पारंगत झालेले लोकही आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी २००७ मध्येच सूत्र दिलं होतं: वंशावरून भेद करणं थांबवायचं, तर वंशावरून भेद करणं थांबवावं. इतकं सोपं! जून २०१३ मध्ये, ओबामांची दुसरी कारकीर्द चालू असताना, त्याच न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा कणा काढून घेण्यात आला. देश बदललाय, असं कारण दिलं गेलं. देश खरोखर इतका चपळाईने बदलला होता की टेक्सासने त्याच दिवशी आपला केंद्राच्या संमतीअभावी अडकून पडलेला, मतदारांना ओळखपत्राची सक्ती करणारा कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं. त्या कायद्यात बंदुकीचा परवाना ही ओळख चालते, कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही. कायद्यात रंगाचा उल्लेख कुठेही नाही, शोधून दाखवा.

एवढी पूर्वतयारी झाली की आपल्या लोकांनी स्वतःच्या घराकडे वळावं. पहिलं म्हणजे बाबा आठ डॉलर घेऊन आले होते, ही कथा. ती सांगताना बाबांची हुशारी, आयआयटी, रात्रपाळी आणि डाळ-तांदळाचा कुकर एवढंच यावं. १९६५ च्या मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर काळ्या लोकांची डोकी फुटली, ऑगस्टमध्ये मतदानाचा कायदा आला, आणि त्याच लाटेवर ऑक्टोबरमध्ये जॉन्सनसाहेबांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी स्थलांतराच्या ज्या कायद्यावर सही केली त्याच दारातून बाबा आत आले, हा भाग गाळावा. त्याआधी अख्ख्या भारताचा कोटा वर्षाला १०० माणसांचा होता. बाबा कितीही हुशार असले तरी १०० मध्ये नंबर लावायचा म्हणजे... असो.

दुसरं, भगतसिंग थिंद हे नाव घेऊ नये. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. थिंदांच्या बाजूने भांडलेल्या वकिलाचं नाव सखाराम गणेश पंडित. (नाव वाचल्यावर ‘आपल्यातलेच का?’ असं मनात आलं ना? आपल्याला रंग दिसत नाही, आडनावं दिसतात. पंडित अहमदाबादचे.) युक्तिवाद काय होता, तर आम्ही उच्चवर्णीय आर्य, लग्नाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू इथल्या आदिवासींकडे तसंच बघतो जसं अमेरिकन माणूस निग्रोकडे. म्हणजे गोरेपणाच्या पुराव्यादाखल आम्ही आमची शिवाशीव कोर्टापुढे ठेवली. कोर्टाला ती भावली नाही. भेदभाव करण्यात आपण कुठे कमी पडलो, हे निकालात नीट सांगितलेलं नाही.

तिसरं, घर घेताना. ‘काळ्यांची वस्ती’ असं कधीही म्हणू नये. ‘एरिया चांगला नाही’ आणि ‘स्कूल डिस्ट्रिक्ट बघून घ्या हो’ एवढ्यावर काम होतं. न्यूअर्क विमानतळापुरतं, राहायला एडिसन किंवा प्लेन्सबरो. घरात त्या लोकांसाठी वापरायचा जो शब्द आहे तो मुलांसमोर वापरू नये, कारण ती शाळेत जाऊन विचारतात. आणि लेकीने वर्गातल्या एखाद्या मुलाचं नाव दोनदा घेतलं तर थेट काही विचारू नये. फोटो मागावा.

२०२३ च्या जूनमध्ये हार्वर्डच्या खटल्यात वंश पाहून प्रवेश देण्यावर बंदी आली, तेव्हा आपल्याकडे काही घरांत पेढे वाटावेत असं वातावरण होतं. वाटावेतच. तोंड गोड झाल्यावर माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या मुलांना मिळणाऱ्या सवलतीला त्या निकालाने हात लावलेला नाही, हे आठवायचं कारण नाही. लष्करी अकादमींचा प्रश्न एका तळटीपेत बाजूला ठेवला होता, हेही नाही. सैन्याला डोळे उघडे ठेवावे लागतात, आपल्याला कुठे लढायचंय?

जातीचं तर बोलूच नये. अमेरिकेत जात नाहीच. आणि ती नसल्यामुळेच जातिभेदाविरुद्ध कायदा केला तर ती येईल. सिअॅटलने २०२३ मध्ये असा नियम केला आणि कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने विधेयक मंजूर केलं, तेव्हा ते हाणून पाडायला आपले लोक किती तळमळीने धावले! गव्हर्नरांनी सही केली नाही, हे संरक्षण आधीच्या कायद्यात आहेच म्हणाले, आणि आपण सुटलो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती. बरं झालं, त्यांना न्यू जर्सीचा व्हिसा काढावा लागला नाही.

एवढं सगळं साधलं तरी एक सूट शास्त्राने दिलेली आहे. निवडून आलेला माणूस आपला निघाला, तर डोळे तात्पुरते उघडावेत. कमला हॅरिस यांच्या बाबतीत ते एकाच बाजूने उघडावेत; तमिळ आई दिसावी, जमैकाचे वडील धूसर राहावेत. ऋषी सुनक यांच्या मनगटावरचा लाल दोरा दिसावा, स्थलांतरितांच्या बोटी थांबवण्याची घोषणा दिसू नये. आणि लिओ वराडकर! मालवण तालुक्यातल्या वराडच्या डॉक्टरांचा मुलगा २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला तेव्हा आपल्याला गाव, तालुका, जिल्हा, सोलकढी, सगळं दिसलं. त्यांचा जोडीदार पुरुष आहे आणि त्या वर्षी आपल्या देशात समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जागेवर होतं, तेवढ्या वाक्यापाशी पापणी आपोआप मिटली. आधीचा सराव असा उपयोगी पडतो. २००८ मध्ये बेकार झालेल्या परदेशी कामगारांना काही महिन्यांचा भत्ता देऊन मायदेशी पाठवावं, असंही हेच वराडकर सुचवून बसले होते, पण ते सिंधुदुर्गापर्यंत ऐकू आलं नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले आणि भारतीय वकिलातीला जपून राहा असं पत्रक काढावं लागलं. तिकडे तुमचा भाचा असेल, तो रात्रीच्या बसने जायला घाबरत असेल. त्याने ऑफिसात हा विषय काढला आणि एखाद्या सज्जन आयरिश सहकाऱ्याने चहाचा घोट घेत त्याला आठवण करून दिली, की अरे, तुमच्यातला माणूस आम्ही दोनदा पंतप्रधान केला, आता अजून काय राहिलं, तर भाच्याला सांगा, चिडू नकोस. त्या माणसाला तुझा रंग दिसत नाहीये.